जहाज बंदरात आठ तास थांबतं, पैसा किती वेळ थांबतो?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

कोकणात क्रूझ येणार अशी बातमी वर्षातून दोनदा तरी येते. मग जेटीवर चर्चा होते, गाळ किती काढायचा यावर होते, ठेका कुणाला यावर तर होतेच होते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईत 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केलं, २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे म्हणून. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत इंदिरा डॉकवर मोठं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं. म्हणजे जहाजं येणार, हे धरून चाला. पण जहाजातून उतरलेला माणूस त्या सात-आठ तासांत करणार काय, खाणार काय नि पैसे देणार कुणाला, यावर मी आपल्या तालुक्यात अजून एकही बैठक झालेली ऐकली नाही.

म्हणून लिहितेय. या फेब्रुवारीत मी आणि हे, लेक, जावई नि नऊ वर्षांचा नातू, असे पाच जण कॅरिबियन समुद्रात सात रात्रींच्या क्रूझवर जाऊन आलो. तिकिटं लेकीने काढली होती, नाहीतर पेन्शनीत हे जमणारं नव्हे. पोर्तो रिकोच्या सान हुआनहून निघालो. सेंट थॉमस, सेंट किट्स, अँटिग्वा, सेंट लुसिया, बार्बेडोस, अशी पाच दिवसांत पाच बेटं केली. मग एक दिवस नुसता समुद्र आणि परत सान हुआन. जहाजाचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. सगळ्यांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच असते.

बँकेत एकतीस वर्षं काढल्यामुळे मला एक खोड आहे. पैसा हातातून सुटला की तो पुढे कुठे जातो ते बघत बसते. त्यामुळे या पोस्टमध्ये दोन गोष्टी आहेत. तुम्ही कधी अशा सहलीला गेलात तर बंदरावरचे तास कसे वापरायचे, ही पहिली. उद्या जहाज आपल्या दारात आलं तर आपण काय करायचं, ही दुसरी. पहिली कळल्याशिवाय दुसरी कळत नाही.

आधी हिशेब वेळेचा

कागदावर लिहिलेलं असतं सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. वाटतं नऊ तास मिळाले. तसं नसतं. जहाज धक्क्याला लागल्यावर परवानगी मिळून जिना उघडायला वेळ जातो. हजारो माणसं एकदम उतरतात, त्या रांगेत अजून अर्धा तास. आणि सुटण्याच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी सगळ्यांना जहाजावर परत यावंच लागतं. त्यात आपण शहाण्या माणसासारखं तासभर आधी धक्क्यावर पोहोचायचं ठरवलं, की हातात उरतात साडेसहा तास. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ काढा. उरलेलं ते आपलं.

दुसरं, जहाजाचं घड्याळ. फ्लोरिडाहून सुटणाऱ्या जहाजांवर हिवाळ्यात जहाजाची वेळ आणि बेटावरची वेळ यांत तासाचा फरक पडू शकतो. सान हुआनहून निघाल्यामुळे आम्हाला तो त्रास नव्हता, वाटेतली सगळी बेटं त्याच वेळेवर चालतात. तरी नातवाच्या मनगटावर साधं घड्याळ बांधून ते जहाजाच्या वेळेला लावलं होतं. मोबाईल आपापला शहाणपणा करून वेळ बदलतो, साधं घड्याळ बदलत नाही.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. जहाजाकडून विकत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः ठरवलेल्या टॅक्सीला उशीर झाला तर थांबत नाही. मग पुढच्या बेटापर्यंतचं विमान स्वखर्चाने. यावरून आमच्या जावयांनी सोपा नियम काढला होता: लांब जायचं असेल आणि रस्ता एकच असेल तर जहाजाची सहल. जवळ असेल तर आपले पाय आणि स्थानिक टॅक्सी. आम्ही पाचातलं एकच बेट जहाजाच्या सहलीने केलं, चार आमचे आम्ही. एकदा हा नियम मोडला, तो का नि कसा ते पुढे येईल.

आणखी किरकोळ पण कामाचं. सुटे अमेरिकन डॉलर जवळ ठेवा, एकाचे नि पाचाचे. पासपोर्टची झेरॉक्स नि जहाजाचं कार्ड खिशात ठेवा, बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर लिहून घ्या. व्हिसाचे नियम प्रत्येक बेटाचे निराळे, ते निघण्यापूर्वी तपासा. आणि लष्करी छापाचे कपडे बॅगेत भरू नका. बार्बेडोस, अँटिग्वा, सेंट लुसिया इथे सामान्य माणसाने तसे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. नातवाची आवडती हाफपँट त्यामुळे घरीच राहिली नि पहिला दिवस रुसण्यात गेला.

सेंट थॉमस: दागिन्यांच्या गल्लीतून पुढे चला

हे बेट पूर्वी डेन्मार्कचं. १९१७ साली अमेरिकेने अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून शेजारच्या बेटांसकट विकत घेतलं. गाड्या अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, आणि चालवतात मात्र आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने. ह्यांनी पहिली पंधरा मिनिटं फक्त तेच बघितलं.

जहाजावर आदल्या संध्याकाळी एक बाई छानपैकी नकाशा वाटतात. त्यावर 'खात्रीची' दुकानं छापलेली असतात. ही दुकानं त्या नकाशावर यायला पैसे भरतात, हे मात्र कुणी ठळक अक्षरात सांगत नाही. शार्लट अमालीच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना दागिने नि घड्याळंच दिसतात. त्यातल्या बऱ्याच दुकानांत सिंधी मालक. एका दुकानात मला थेट हिंदीतून "आइए बहनजी" ऐकू आलं. गप्पा झाल्या, पाणी मिळालं. खरेदी केली नाही तरी माणूस रागावला नाही. म्हणाला, इथे बसून जहाजांच्या वेळापत्रकावरच घर चालतं, ज्या दिवशी जहाज नाही त्या दिवशी शटर अर्धंच वर.

याच रस्त्यावरच्या एका घरात कामीय पिसारो हा मोठा चित्रकार राहत होता. १८३० मध्ये याच गावात जन्मला. जहाजाच्या नकाशावर पिसारोचं नाव नव्हतं.

आम्ही उघड्या बसच्या 'सफारी' टॅक्सीने मेगन्स बे नावाच्या किनाऱ्यावर गेलो. टॅक्सीचे दर सरकारने माणशी ठरवून दिलेले असतात, घासाघीस नाही. किनाऱ्याला प्रवेश फी आहे. त्या बदल्यात स्वच्छ संडास, कपडे बदलायची जागा आणि जीवरक्षक. फी देताना कुणी कुरकुरलं नाही. इथे २०२० पासून प्रवाळाला मारक रसायनं असलेलं सनस्क्रीन विकायला नि वापरायला बंदी आहे. कायदा केलाय आणि लोक पाळतात. आपलं मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. आपल्याकडे प्रवाळ बघायला उतरणाऱ्या किती पर्यटकांना याची कल्पना असते?

सेंट किट्स: कारखाना बंद पडल्यावर

इथे आम्ही जहाजाची सहल घेतली, कारण ह्यांचा गुडघा. रेल्वेत बसून बेट बघता येतं. ही छोट्या रुळांची गाडी शंभर वर्षांपूर्वी ऊस कारखान्यात नेण्यासाठी घातली होती. तीनशेहून जास्त वर्षं या बेटाने साखरेवर दिवस काढले. आधी गुलामांच्या रक्तावर, मग मजुरांच्या घामावर. २००५ साली सरकारने साखरधंदा बंद केला. पेरवत नव्हता. आता त्याच रुळांवरून आमच्यासारखे लोक सरबत पीत जातात आणि बाजूला रान माजलेली उसाची शेतं दिसतात.

गाडीत तीन बायका उभ्याने गाणी म्हणतात. त्यातल्या एकीला विचारलं, घरी कुणी कारखान्यात होतं का? म्हणाली, वडील. ते गाडीत बसायला कधीच आले नाहीत. एवढंच बोलली आणि पुढच्या डब्यात गेली.

साखर कारखाना बंद पडणं म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांना मी सांगायला नको. एका धंद्यावरचं बेट दुसऱ्या एका धंद्यावर गेलं, एवढाच बदल झाला. उद्या जहाजांनी वाट बदलली तर तिसरा धंदा कुठला, याचं उत्तर मला तिथे कुणाकडे मिळालं नाही.

वेळ असेल तर ब्रिमस्टोन हिलचा किल्ला बघावा. इंग्रजांनी आफ्रिकन गुलामांकडून बांधून घेतला, १९९९ मध्ये जागतिक वारशात गेला. आम्ही तो गाडीतून लांबूनच पाहिला. एका दिवसात दोन मोठ्या गोष्टी कोंबायच्या नाहीत, हा आमचा दुसरा नियम.

अँटिग्वा: फुकटातला सगळ्यात चांगला दिवस

बेटावर ३६५ किनारे आहेत, दिवसाला एक, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. ह्यांनी एकही बघायला नकार दिला. त्यांना बघायचं होतं सेंट जॉन्स गावातलं जुनं क्रिकेट मैदान, अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंड. धक्क्यापासून चालत पंधरा मिनिटं. आमची गुडघ्यासकट पंचवीस.

गेट उघडं होतं, आत दोन पोरं पळत होती. शेजारी तुरुंगाची भिंत. इथेच रिचर्ड्सने १९८६ मध्ये छप्पन्न चेंडूंत कसोटी शतक ठोकलं. लाराने १९९४ मध्ये ३७५ आणि २००४ मध्ये नाबाद ४००, दोन्ही इथेच. आणि २००२ मध्ये जबडा मोडलेला कुंबळे पट्टी बांधून इथेच चौदा षटकं टाकून गेला, लाराला पायचीत केलं. हे मधोमध उभे राहून नातवाला कुंबळे कुठल्या टोकाने पळत आला ते दाखवत होते. मैदान राखणारे काका लांबून बघत होते, ते आले आणि म्हणाले, नाही नाही, त्या टोकाकडून. मग दोघांचं जे जुंपलं ते अर्धा तास. शेवटी काकांनी शहाळी विकणाऱ्याला हाक मारली. चार शहाळ्यांचे पैसे आम्ही दिले, पाचवं त्याने नातवाला तसंच दिलं.

सांगायचं एवढंच, की त्या दिवशी आमचा खर्च अगदी मामुली झाला, पण झाला तो सगळा त्या गावातल्या माणसाच्या हातात पडला. कुठल्याही 'पॅकेज'मध्ये हे मैदान नव्हतं. बंदरावर उतरण्यापूर्वी स्वतःला विचारा, मला या गावाशी आधीपासून काही देणंघेणं आहे का? गाणं असेल, खेळ असेल, एखादं पुस्तक असेल, मासळीबाजार असेल. असेल तर तिथेच जा. किनारा सगळीकडे आहे.

सेंट लुसिया: टॅक्सीवाल्याचं गणित

इथे आम्ही आमचा नियम जाणूनबुजून मोडला. पिटॉन नावाचे दोन सुळके समुद्रातून सरळ वर आलेत, मोठा ७७० मीटर. २००४ पासून जागतिक वारसा. ते सूफ्रिएर गावाजवळ, आणि कॅस्ट्रीज बंदरापासून तिथवर दीड तासाचा वळणावळणाचा घाट. म्हणजे नियमाने जहाजाची सहल. पण आम्हाला वाटेतल्या गावात थांबत जायचं होतं, म्हणून बंदरावरच्या संघटनेची नोंदणीकृत टॅक्सी केली. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात निघालो आणि दुपारी एकला परत फिरायचं हे आधी ठरवून घेतलं. पाच जणांचं भाडं जहाजाच्या सहलीच्या जवळजवळ निम्म्यात पडलं.

चालक पन्नाशीचा. मी पुढे बसले, कारण मला घाटात मागे मळमळतं आणि पुढे बसलं की बोलता येतं. बाजूला केळीच्या बागा, फणसासारखी विलायती फणसाची झाडं, कौलं सोडली तर सगळं आपलंच. ह्यांनी मागून जाहीर केलं, "अगो, हयसर तर आपल्या आचऱ्यासारख्याच दिसता!"

मी चालकाला सरळ विचारलं, जहाजवाले तुम्हाला किती देतात? हसला. म्हणाला, जहाजाच्या सहलीला गाडी लावली तर प्रवासी जे भरतो त्यातला बराच भाग वरच्यावर राहतो. जहाज, मग एजंट, मग मी. पण ते काम सोडवत नाही, कारण ते पक्कं असतं. बाहेर उभं राहायचं तर शंभर गाड्या रांगेत आणि गिऱ्हाईक दहा.

मग त्याने जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. म्हणाला, तुम्ही लोक फक्त किती जहाजं आली ते मोजता. मी गेटवर उभा राहून किती माणसं बाहेर आली ते मोजतो. आणि बाहेर आलेल्यांपैकी किती जणांनी जहाजावर पोट भरून घेतलेलं असतं, तेही. जेवण आधीच भरलेल्या पैशात आहे, मग बाहेर कोण खाणार?

त्याला सगळ्यात जास्त धास्ती होती ती वेगळीच. क्रूझ कंपन्या आता स्वतःची बेटं घेतात. बहामात हे १९७७ पासून चालू आहे आणि गेल्या काही वर्षांत फार वाढलंय. धक्का कंपनीचा, किनारा कंपनीचा, हॉटेल कंपनीचं, छत्रीचं भाडंसुद्धा कंपनीला. २०२५ च्या जुलैत ग्रँड बहामावर असं एक मोठं ठिकाण सुरू झालं. काही स्थानिकांना नोकऱ्या मिळतात, हे खरं आहे. पण नोकरी मिळणं आणि आपला धंदा असणं यात फरक आहे, हे ज्याने स्वतःची गाडी कर्ज काढून घेतलीय त्याला बरोबर कळतं. त्याचे अजून अकरा हप्ते बाकी होते.

परत येताना कॅस्ट्रीजच्या चौकात त्याने गाडी थांबवली. तिथे दोन अर्धपुतळे आहेत. एक डेरेक वॉलकॉट, साहित्याचं नोबेल, १९९२. दुसरे आर्थर लुईस, अर्थशास्त्राचं नोबेल, १९७९. एवढ्याशा बेटाची दोन नोबेलं. वॉलकॉट यांनी नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणाची सुरुवात त्रिनिदादमधल्या एका खेड्यातल्या रामलीलेपासून आहे. आपल्याकडून गेलेल्या मजुरांच्या नातवंडांची ती रामलीला. सेंट लुसियातही १८५९ पासून असे मजूर नेले गेले. आणि लुईस यांनी दाखवून दिलं होतं की जिथे काम मागणारे हात मुबलक असतात तिथे धंदा वाढला तरी मजुरी वाढत नाही. शंभर गाड्या आणि दहा गिऱ्हाइकं. चालकाने लुईस वाचलेले नसतील, पण सकाळपासून तो तेच सांगत होता.

अडीचला बंदरावर होतो. बाजारात शिरून जायफळ, कोको आणि मिरचीचा सॉस घेतला. विकणाऱ्या सगळ्या बायका. त्यांच्याशी बोलायला मला भाषा फारशी लागली नाही.

बार्बेडोस: समुद्र सगळ्यांचा

शेवटचं बेट. दोन बार्बेडियन डॉलरला एक अमेरिकन, हिशेब सोपा. सरकारी बसला साडेतीन बार्बेडियन डॉलर, कितीही लांब जा.

सकाळी आधी केन्सिंग्टन ओव्हल, बंदरापासून जवळच. २९ जून २०२४ च्या रात्री आपण सगळे जागे होतो, आठवतं ना? सूर्यकुमारचा तो झेल, सात धावांनी विजय, रोहितने खेळपट्टीची माती तोंडात घातली ते हेच. बाहेर सर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. नातवाने तिथेच झेल घ्यायचा सराव केला. सीमारेषा म्हणून माझी पर्स.

मग कार्लाइल बे. इथले किनारे सगळे सार्वजनिक आहेत. मोठ्या हॉटेलच्या पुढ्यातला किनारासुद्धा लोकांचा, तिथे बसायला कुणी अडवू शकत नाही. खुर्ची हवी तर भाड्याने घ्या, नाहीतर वाळूत बसा. आम्ही वाळूत बसलो. पावात माशाचा तुकडा घातलेला 'कटर' खाल्ला, चटणी झणझणीत. शेजारी शाळेतली मुलं पोहायला आली होती. पर्यटक आणि गावातली पोरं एकाच पाण्यात. मला या पाच दिवसांत सगळ्यात जास्त आवडलेलं चित्र कुठलं म्हणाल तर हे.

आता आपलं

मोठ्या जहाजांच्या कंपन्यांपुढे छोटी बेटं एकेकटी उभी राहतात, आणि तिथेच मार खातात. एकाने कर वाढवला की जहाज शेजारच्या बेटावर जातं. मेक्सिकोसारख्या मोठ्या देशाने २०२४ च्या शेवटी क्रूझ प्रवाशामागे ४२ डॉलर कर ठरवला. कंपन्यांनी एवढा दबाव आणला की शेवटी जुलै २०२५ पासून फक्त ५ डॉलरवर सुरुवात झाली, २०२८ पर्यंत हळूहळू २१ करायचे. अमेरिकेतल्या की वेस्टच्या लोकांनी २०२० मध्ये मतदान करून मोठी जहाजं नकोत असं बहुमताने ठरवलं, तर पुढच्याच वर्षी राज्य सरकारने कायदा करून ते मतदान निकामी केलं. बंदरं चालवायला द्यायचे करारही लांब मुदतीचे असतात. अँटिग्वा आणि सेंट लुसियाची क्रूझ बंदरं तीस-तीस वर्षांसाठी एकाच परदेशी कंपनीकडे आहेत. करार वाईटच असतो असं मी म्हणत नाही. एकदा सही झाली की एक पिढी जाते, एवढंच म्हणते.

आपण त्यामानाने भाग्यवान आहोत, कारण आपल्याकडे अजून सह्या झालेल्या नाहीत. आणि बोटी आपल्याला नवीन नाहीत. माझ्या वयाच्या लोकांना मुंबई-गोवा बोट आठवत असेल. बोट खोल पाण्यात थांबायची, पडाव जाऊन माणसं उतरवून आणायचा. त्या एका थांब्यावर पडाववाले, हमाल, खानावळवाली, भजीवाला, बैलगाडीवाला, सगळ्यांचा वाटा असायचा. उलट २०१८ साली 'आंग्रिया' क्रूझ मुंबई-गोवा सुरू झाली (पुढे ती बंद पडली), ती संध्याकाळी निघायची नि सकाळी गोव्यात. आख्खा कोकण प्रवाशांनी झोपेत पार केला. त्या जहाजाचं नाव आपल्या आरमाराच्या सरखेलाचं, आणि आपल्या गावाला त्यातून दिसले फक्त लांबचे दिवे.

आता ११ जुलै २०२५ ला सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे किल्ले जागतिक वारशात गेलेत. म्हणजे जहाजवाल्यांच्या नकाशावर आपण येणारच. त्याआधी ग्रामसभेत, नगरपालिकेत चार गोष्टी मागून घेऊया.

एक. दरफलक. किल्ल्याची होडी, रिक्षा, टॅक्सी, स्नॉर्केलिंग, सगळ्यांचे दर मराठी, हिंदी, इंग्रजीत जेटीवर मोठ्या अक्षरात. सेंट थॉमसला घासाघीस नसल्यामुळे टॅक्सीवाला आणि मी, दोघांचीही झोप उडाली नाही.

दोन. जेटीच्या गेटबाहेरची पहिली जागा बचत गटांना आणि स्थानिक परवानाधारकांना. पैसे देऊन 'खात्रीचं दुकान' होणाऱ्यांना नाही. प्रवाशाला भूक लागलेली नसते, हे सेंट लुसियाच्या चालकाने सांगितलंय. म्हणून ताट विकत बसू नका. एक घावन, एक वाटी उसळ, एक पेला सोलकढी, असं अर्ध्या तासात उभ्याने खाता येईल असं ठेवा. कोकम, काजू, खाजा बांधून न्यायला.

तीन. प्रवाशामागे कर, आणि तो वेगळ्या खात्यात. संडास, कचरा आणि अभयारण्य एवढ्यासाठीच खर्च, दरवर्षी हिशेब फलकावर. खातं कसं उघडायचं, हिशेब कसा लिहायचा, ते मी फुकट शिकवते.

चार. किनारा लोकांचा राहील, हे कुठल्याही करारात पहिलं कलम. रापणीच्या होड्या जिथे ओढतात तिथे छत्र्या लागणार नाहीत. आपल्या पोरांना आपल्याच पाण्यात पोहायला तिकीट लागणार नाही.

तुम्ही प्रवासी म्हणून कुठेही गेलात तरी लांब असेल तर जहाजाची सहल, जवळ असेल तर गावातली गाडी. एका दिवसात एकच मोठी गोष्ट. गेटबाहेर पडा, निदान एक नारळ तरी त्या गावातल्या माणसाकडून घ्या, आणि त्याचं जरा ऐकून घ्या.

यातलं कुठलं कलम चुकीचं वाटतं, कुठलं राहिलंय, ते खाली लिहा. होडीवाले, रापणवाले, घरगुती खानावळी चालवणाऱ्या ताई, तुम्ही आधी लिहा. पुढच्या ग्रामसभेला मी हे टाइप करून नेणार आहे. सोबत कोण येतंय तेही कळवा.